नाशिकला नेलेला सूर्य

सन २०२५, जानेवारी महिना, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळेच्या दाखल्यावर त्र्याहत्तर आहे. पण दाखला लिहिणाऱ्या गुरुजींनी मला तिसरीच्या पुढं कधी पाहिलंच नाही, तेव्हा माझं वय त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. या वयात मी नाशिकला गेलो, फार्मसी शिकवणाऱ्या मास्तरांच्या परिषदेला, आणि भरल्या सभागृहात उभा राहून पाच मिनिटं बोललो. पनवेलजवळ करंजाड्याला आमच्या बिल्डिंगीत हे कोणी खरं धरत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे पाटील म्हणतात, आबा, तुम्ही तर नातीचं बाळ सांभाळायला गेला होता. तेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

आमची पनवेलच्या खाडीला मिठागरं होती. ती बंद पडली, मग मी बाजारात एका मेडिकलात कामाला लागलो. खोकी उचलायची, फळ्या पुसायच्या. गोळ्या द्यायचं काम शेठचं, कारण सर्टिफिकेट त्यांचं. शेठ गेले, आता त्यांचा मुलगा बसतो, तोही शिकलेला. मी अजून रोज सकाळी आठला जातो. कोणी बोलावत नाही, कोणी नको म्हणत नाही. तिथं माझं एकच काम आहे आणि ते मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. गोळ्यांच्या कागदी पाकिटावर मी चित्र काढतो.

त्याचं असं झालं. आपटा गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथली माणसं वीटभट्टीवर कामाला जातात. त्यातल्या एका बाईला, बारकीच्या आईला, डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, एक सकाळची आणि एक रात्री झोपेची. शेठनी पाकिटावर झोकात लिहून दिलं. तिला वाचता येत नव्हतं आणि विचारायची लाज. तिनं झोपेची सकाळी घेतली आणि रचलेल्या विटांना टेकून दिवसभर झोपली. मुकादम बोंबलला, लोक हसले. मी हसलो नाही. शेठचं अक्षर मलाही लागत नव्हतं, हे तोवर मी कोणाला कळू दिलं नव्हतं. मी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या पाकिटावर दोन डोंगर काढले, मधून अर्धा सूर्य. ही सकाळची. दुसऱ्या पाकिटावर चंद्र. पुढं कोणाला संध्याकाळची गोळी असली की खाडी काढायचो, पाण्यात अर्धा सूर्य आणि शेजारी होडी. त्या दिवसापासून वाडीतलं कोणी चुकलं नाही. आता बारकी स्वतःची गोळी न्यायला येते, काउंटरवर हात ठेवते आणि म्हणते, आबा, डोंगर काढा.

माझी नात मानसी हे बघत मोठी झाली. मिठागरवाल्याची नात फार्मसी शिकली आणि आता पनवेलजवळच्या कॉलेजात तीच शिकवते. नोकरी अजून कच्ची आहे. पक्की व्हायची तर परिषदेत बोलल्याचा कागद लागतो, आणि परिषदेत बोलायचं तर आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. छोट्या सादरीकरणाचा प्रस्ताव म्हणजे काय, हे मी आता कोणालाही समजावून देईन. सात मिनिटांत तुम्ही काय सांगणार ते एका पानावर लिहायचं. मग तुम्हाला कधी न बघितलेली माणसं ते पान वाचून ठरवतात, तुम्हाला उभं करायचं का नाही. मानसीची दोन पानं परत आली होती. तिसरं पान तिनं माझ्या चित्रांबद्दल लिहिलं आणि ते पास झालं. पत्रात वर असंही होतं की जे सादरीकरण सगळ्यांत पसंत पडेल त्याचा तक्ता छापून राज्यातल्या कॉलेजांना पाठवतील आणि पोरं तो घेऊन गावोगाव जातील.

माझे डोंगर राज्यभर. मी दोन दिवस घरात असा चालत होतो की आमच्या हिनं विचारलं, पाठ धरली का काय.

मानसीची मुलगी ओवी आठ महिन्यांची, अजून अंगावर पिते. तिला ठेवून जाता येईना. जावयाला सुट्टी नाही, आमच्या हिचे गुडघे दुखतात. उरलो मी. घरात सगळे म्हणाले, आबा ओवीला सांभाळायला चाललेत. मी म्हणालो, माझा सूर्य चाललाय, त्याच्या सोबतीला मी चाललोय.

घाटावर

कसाऱ्याचा घाट चढलो आणि हवा बदलली. पनवेलची हवा अंगाला चिकटून बसते. इथली हवा अंगावर आपटते आणि पुढं निघून जाते. इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा मी मफलर काढला, ओवीनं तो तोंडात घातला, आणि पुढचे दोन दिवस तो आम्हा दोघांत राहिला.

पुढं द्राक्षांचे मळे लागले. तारांवर वेली ओळीनं चढवलेल्या, खाली सावली, सगळं आखून दिल्यासारखं. मला मिठागराची आठवण झाली. तिथंही असेच चौकोन, अशीच आखणी, फक्त आमच्या चौकोनात खाली बघावं लागायचं आणि इथं वर. मी मानसीला हे सांगितलं. ती तिचे कागद पाठ करत होती. ती म्हणाली, आबा, मला सात मिनिटांत संपवायचंय, आता काही नवं सांगू नका.

नाशिकला उतरल्यावर मिसळ खाल्ली. आमच्याकडं सकाळी पोट भरायचं तर तांदळाची भाकरी आणि रात्रीचं कालवण. इथं लोक सकाळी सकाळी आग खातात आणि वर पापड चुरतात. हॉटेलवाला म्हणाला, बाबा, रस्सा जपून घ्या. आता आगरी माणसाला तिखट कोणी शिकवावं? मी वाटी भरून जास्तीचा मागून घेतला. नंतर डोळ्यांतून पाणी आलं ते थंडीनं. मानसीनं विचारलं, थंडीनं कान पण लाल होतात का. मी ओवीशी बोलत राहिलो.

बिल्ला

परिषद शहराबाहेर, त्र्यंबकच्या रस्त्याला एका कॉलेजात होती. दारात टेबल, टेबलामागं जगताप मॅडम. सगळी परिषद याच बाईंनी उभी केलेली. चष्मा कपाळावर, हातात पितळी घंटा. सात मिनिटं झाली की ती घंटा वाजते आणि बोलणारा कितीही मोठा असला तरी खाली बसतो, असं मानसीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. मानसीला बिल्ला मिळाला, झोळी मिळाली. मी हात पुढं केला. मॅडम म्हणाल्या, सोबत आलेल्यांना बिल्ला नसतो, आजोबा.

मी त्यांना शांतपणे मांडून सांगितलं. पोर माझ्या कडेवर. तिला भूक लागली की मी तिला आईकडं आत नेणार. बिल्ला नाही म्हणून दारावरचा मला अडवणार. पोर रडणार. ती रडली की तिची आई बोलणं टाकून बाहेर येणार. मग तुमच्या घंटेचं काय करायचं?

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला, मला बघितलं, ओवीला बघितलं आणि बिल्ला लिहायला घेतला. नाव सांगितलं. खाली "संस्था" म्हणून एक ओळ होती. कुठली संस्था, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घर. त्यांनी तसंच लिहिलं. झोळीही घेतली मी. तीत वही आणि पेन होतं. पेन मी मानसीला दिलं, माझी पेन्सिल माझ्या कानावर होती.

दुपारी मॅडमनी फळ्यावर लिहून लावलं की छोट्या सादरीकरणांतले तीन जण येऊ शकत नाहीत. जागा रिकाम्या आहेत, पण आयत्या वेळच्यांना सातऐवजी पाचच मिनिटं. ज्याच्या गळ्यात बिल्ला आहे त्यानं उद्या सकाळी नऊच्या आत प्रस्ताव द्यावा. मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विसरलो. माझा काय संबंध, असंच तेव्हा वाटलं.

कलिंगडाची फोड

मानसी आत ऐकत बसली होती. मी ओवीला घेऊन कँटीनच्या मागं उन्हाला बसलो. तिथं भाकऱ्या करणारी शालन म्हणून बाई होती, गाव तिथून जवळच. तिनं ओवीच्या नाचणीच्या खिरीला पाणी तापवून दिलं, मला चहा दिला आणि पोर माझ्याकडून काढूनच घेतली. म्हणाली, बाबा, तुमची बोली लई मजेची, नाय काय म्हणता, हाय काय म्हणता. मी म्हणालो, आणि तुमी लई म्हणता ते कोणी ऐकत नाय असं वाटतं का तुमाला?

बोलता बोलता तिच्या सासऱ्यांचं निघालं. पायांना सूज येते म्हणून डॉक्टरांनी पाण्याची गोळी दिलेली. ती मीही घेतो. ती पोटात गेली की माणूस दर थोड्या वेळानं उठून बाहेर पळतो, म्हणून सकाळीच घ्यायची. शालन म्हणाली, घरात सगळे कामावर, म्हातारं एकटं, कुठली कधी घ्यायची विसरतं. मला हेच हवं होतं. मी झोळीतल्या वहीचं पान फाडलं, कानावरची पेन्सिल काढली आणि माझे डोंगर काढून दिले. म्हणालो, हे पाकिटावर चिकटव, कधी चुकायचे नायत.

तिनं कागद हातात धरला. म्हणाली, "म्हंजे संध्याकाळी द्यायची."

"संध्याकाळी कुठं? बघ ना, सूर्य डोंगरातून वर येतोय."

"वर कुठं येतोय, बाबा? खाली चाललाय की."

मी म्हणालो, किरणं बघ. ती म्हणाली, किरणं बुडताना पण असतात. मी म्हणालो, थांब, तुला बुडणारा काढून दाखवतो. पाणी काढलं, सूर्य काढला, होडी काढली. तिनं कागद फिरवून बघितला. मग तिनं विचारलं, ही कलिंगडाची फोड का, कलिंगड खाल्ल्यावर घ्यायची?

मी उठलो. एका बाईच्या म्हणण्यावर मी जात नाही. फाटकावर वॉचमन होता, त्याला डोंगर दाखवले. तो म्हणाला, संध्याकाळ. माळ्याला दाखवले. तो म्हणाला, संध्याकाळ, आणि सूर्य जरा वाकडा आलाय. त्याला मी म्हणालो, तू तुझे गुलाब बघ.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शालननं ओवीला एका कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं माझं कोपर धरलं आणि मला कँटीनच्या मागच्या भिंतीशी नेऊन उभं केलं. समोर डोंगरांची रांग, पार त्र्यंबकच्या बाजूला गेलेली, निळी. आणि त्या रांगेत, दोन डोंगरांच्या बरोबर मधे, माझा सूर्य. अर्धा. किरणांसकट. जसा मी काढतो तसाच, आणि खाली चाललेला.

चौऱ्याहत्तर वर्षं सूर्य माझ्यासमोर प्रबळगडाच्या मागून वर आला आणि खाडीत उतरला. तो दुसरीकडं जाऊन दुसरं काही करत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सकाळी घाट चढून मीच डोंगराच्या पलीकडं आलो होतो. सूर्य जागेवर होता, डोंगर जागेवर होता, बाजू बदलली होती ती मी. मला इतकं हसू आलं की ओवीही हसायला लागली आणि तिच्याबरोबर शालन. आम्ही तिघं भिंतीला धरून हसत होतो आणि वॉचमन लांबून बघत होता.

मग माझ्या डोळ्यांपुढं शालनचे सासरे आले. तक्ता छापून आलाय, पाकिटावर डोंगर आहेत, म्हातारा संध्याकाळी पाण्याची गोळी घेतो आणि नाशिकच्या या थंडीत रात्रभर अंगणात ये-जा करतो. हसू थांबलं.

गप बसा

मी चुकलो, हे वाक्य मी जन्मात एकदाच म्हटलंय, आमच्या हिच्यापुढं, आणि तेव्हा ती झोपलेली होती. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते जागेपणी म्हणायची वेळ आली.

मानसी खुशीत होती. तिचं उद्याचं बोलणं सरावात सहा मिनिटं पन्नास सेकंदांत बसलं होतं. समोर ज्वारीची भाकरी, वांगं, ठेचा. मासळीचा वास नाही, तरी चव होती. मी तिला पहिली भाकरी खाऊ दिली आणि मग सांगितलं. डोंगर, शालन, कलिंगड, वॉचमन, माळी, भिंत, सगळं.

ती हसेल असं वाटलं होतं. तिनं घास खाली ठेवला. म्हणाली, जे पान पास झालंय तेच बोलायचं असतं, आयत्या वेळी मीच उभी राहून हे चुकलंय म्हणाले तर मला परत कोण बोलावेल. मी म्हणालो, पण तो तक्ता छापला तर. तिला राग आला की ती कॉलेजातली भाषा सोडते आणि आमच्या गावच्या भाषेवर येते.

"तुमी गप बसा, आबा. नाशिकची माणसं नाशिकचं बघतील."

"आणि तो म्हातारा रातभर बाहेर पळंल तो?"

"मग मी काय करू? तिसऱ्यांदा पण परत येऊ?"

दोन पानं परत आली तेव्हा ती माझ्याच खोलीत येऊन रडली होती, आईला कळू नये म्हणून. आता खोटं बोलायचं असतं तर मी बोललो असतो, तेवढं मला येतं. पण इथं गप्प बसायचं होतं. ते मला जन्मात जमलं नाही, आणि ते सगळं घर सांगेल.

तिसरी पास

सकाळी ओवीला कडेवर घेऊन मी जगताप मॅडमच्या टेबलाशी गेलो. नऊला अजून वेळ होता. मी बिल्ला पुढं केला आणि प्रस्तावाचा कागद मागितला. मॅडम म्हणाल्या, कोणासाठी. मी म्हणालो, माझ्यासाठी. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. नियम त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिला होता आणि बिल्लाही स्वतःच लिहिला होता. कागद द्यावाच लागला.

मी तो बाकावर बसून पेन्सिलीनं भरला. ओवीनं एक कोपरा ओला केला. शिक्षण: तिसरी पास. संस्था: घर. विषय: डोंगरातला सूर्य. पुढं उद्देश म्हणून जागा होती, तिथं लिहिलं, म्हाताऱ्याला रात्री झोप लागावी. पद्धत: विचारलं. निष्कर्ष: माझा सूर्य पनवेलचा आहे, तो नाशिकला चालत नाही.

मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं. पद्धतीवर बोट ठेवून म्हणाल्या, एवढीच का. मी म्हणालो, लांब लिहिली तरी तीच राहील. त्या म्हणाल्या, आमची मुलं एवढंच सांगायला चार पानं घेतात. मग त्यांनी अकरा वाजून सात मिनिटं अशी वेळ लिहिली, मानसीच्या लगेच नंतरची. मी म्हणालो, थांबा मॅडम, अजून पक्कं करू नका. जिचं काम आहे तिला आधी विचारतो. ती नाही म्हणाली तर हा कागद मी परत नेईन.

मानसी पोहे घेऊन बसली होती. कागद तिच्यापुढं ठेवला. म्हणालो, वाच आणि फाडायचा तर फाड, मी परत बोलणार नाही. मी असं म्हणेन यावर तिचा विश्वास बसला नसावा, कारण तिनं आधी माझ्याकडंच बघितलं. मग कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, मग परत वरपासून.

"आबा, तिसरी पास कशाला लिहिलंत? नुसतं तिसरी चाललं असतं."

"पास झालो होतो म्हणून लिहिलं."

ती हसली. हसता हसता डोळे भरले, ते तिनं ओवीच्या लाळेऱ्यानं पुसले. कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली आणि म्हणाली, "माझ्या मागोमाग वर यायचं. मधे चहाला जायचं नाय."

हात वर

मानसी छान बोलली. नात म्हणून सांगत नाही, शेजारची अनोळखी बाई मान हलवत होती. बारकीची आई, विटांना टेकून झोप, पाकीट, सगळं आलं. पडद्यावर माझे डोंगर हत्तीएवढे मोठे झाले. सूर्य खरंच जरा वाकडा होता. शेवटी ती थांबली, एक श्वास घेतला आणि म्हणाली, ही चित्रं पनवेलला चालतात, इथं चालत नाहीत. मला हे माझा प्रस्ताव पास झाल्यावर कळलं. का चालत नाहीत ते माझे आजोबा सांगतील, ज्यांनी ती काढली.

मी वर गेलो. ओवी मफलर सोडेना, म्हणून तीही आली. माइक तिला खायचा होता, म्हणून तो मानसीनं धरला. बोलायचं मी पाठ केलं होतं, पण समोर एवढे मास्तर बघून पाठ केलेलं सगळं गेलं. मग मी तेच केलं जे मला येतं. विचारलं.

म्हणालो, हा सूर्य ज्याला सकाळचा वाटतो त्यानं हात वर करा. रत्नागिरीकडचे हात वर झाले, चिपळूणचे, महाडचे, ठाण्याचे काही. म्हणालो, आता संध्याकाळचा वाटतो त्यांनी. नाशिकचे सगळे, जुन्नरचे, कोल्हापूरचे बरेच. अख्खा सह्याद्री सभागृहात मधोमध उभा राहिला, अलीकडचे आणि पलीकडचे. आणि जगताप मॅडमचा हात दोन्ही वेळा वर होता. कोणीतरी हसून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, माहेर अलिबाग, सासर नाशिक, मी काय करू.

मागून वर्ध्याचे एक सर उठले. म्हणाले, आमच्या गावाले डोंगरच नाही, आमचा सूर्य कापसाच्या पऱ्हाटीतून निघते अन् पऱ्हाटीतच जाते, आम्ही काय काढावं? त्यावर सोलापूरच्या बाई बोलल्या, त्यावर रत्नागिरीचे, मग कोणी कोणाचं ऐकेना. शिकलेली माणसं सूर्य कुठून उगवतो यावर भांडतायत आणि मी वर उभा राहून बघतोय, असं सुख मला मिठागरात कधी मिळालं नव्हतं, लग्नातही नाही. मी शालनच्या सासऱ्यांचं सांगितलं, पाण्याची गोळी आणि थंडी. तेव्हा भांडणारे खाली बसले. मी म्हणालो, एवढंच. माझी पाच मिनिटं कधीच संपली होती. घंटा मॅडमच्या हातात होती, ती त्या वाजवायला विसरल्या होत्या.

तक्ता दुसऱ्याच कोणाचा छापायचा ठरला, खोकल्याच्या औषधाच्या मापाबद्दल होता. चांगला होता, मीही हात वर केला त्याला. मानसीचा चेहरा मी बघत होतो. जेवणाच्या रांगेत जगताप मॅडम तिच्याकडं आल्या. म्हणाल्या, पुढचा प्रस्ताव दोघी मिळून पाठवू, डोंगराच्या त्या बाजूला तू विचार, या बाजूला माझी मुलं विचारतील, तुझ्या प्राचार्यांना मी स्वतः पत्र लिहिते. पत्र आलंय. नोकरीचं पुढं काय होतं ते कॉलेज बघेल, पण ते पत्र मानसीनं फ्रिजवर लावलंय, भाजीच्या यादीच्या वर.

मलाही सर्टिफिकेट मिळालं. नाव, आणि खाली, संस्था: घर.

निघताना शालन कागदात द्राक्षं बांधून घेऊन आली. मी तिला म्हणालो, सासऱ्यांच्या पाकिटावर आता काय काढू, तूच सांग. ती म्हणाली, काढलं मी, बाबा. सकाळी उठून म्हातारं पहिली गाईची धार काढतं, म्हणून गाय काढली. बघितलं आणि कळलं त्यांना. मी म्हणालो, दाखव. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. गाईला पाच पाय होते. शेपूट असेल एक. घाट उतरेपर्यंत ती गाय माझ्या डोक्यातून गेली नाही.

घरी आमच्या हिनं बोंबील तळून ठेवले होते. मी तिला सगळं सांगितलं, चुकलो हेही सांगितलं. या वेळी ती जागी होती. म्हणाली, परत सांगा. मी बोंबील खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी मेडिकलात होतो. नऊच्या सुमारास बारकी आली, भट्टीवर जायच्या आधी. शेठच्या मुलानं गोळ्या दिल्या, तिनं पाकीट माझ्याकडं सरकवलं. म्हणाली, आबा, डोंगर काढा. मी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्यापुढं धरली. शेठचा मुलगा हातातलं काम सोडून बघायला लागला, कारण त्या पेन्सिलीला त्यानं लहानपणी हात लावला तेव्हा मी त्याला काय बोललो होतो ते त्याला अजून आठवतं.

"तू काढ," मी म्हणालो. "सकाळी उठल्यावर तुला पहिलं काय दिसतं ते."

"मना नाय येत, आबा."

"मना तरी कुठं येत होतं."

तिनं पेन्सिल मुठीत धरली, जीभ दातांत धरली आणि काउंटरवर वाकून काढायला लागली. वेळ लागला. मागं दोन गिऱ्हाईकं थांबली होती, त्यांना मी थांबवलं. दोन पाय आले, चोच आली, वर तीन रेघा आल्या. कोंबडा हाय, ती म्हणाली. मला तो कावळा वाटला. गोळ्या आत घातल्या, पाकीट तिच्या हातात दिलं, आणि पेन्सिल मात्र परत मागून घेतली.